बंद केल्याचा कागद

सारी नोकरी मी एकच काम केलं. खोलीतल्या मशिनी बंद पडू दिल्या नाहीत. त्याबद्दल मला कधी कोणी कागद दिला नाही. शेवटच्या वर्षी एक मशीन मी माझ्या हातानं बंद केली, तर कागद मिळाला, काचेत घालून, टाळ्या वाजवून. हे असं कसं, ते मला तेव्हाही समजलं नाही आणि आजही नाही. वाचनालयाच्या मास्तरांना बोलता बोलता हे सांगितलं तर ते म्हणाले, "तुळशीरामभाऊ, हेच लिहून द्या आपल्या दिवाळी अंकाले." मी चौथी शिकलेला माणूस. म्हटलं, देतो, पण काना-मात्रा सुधारा, वाक्य तोडायचं नाही. आणि शेवटचा भाग आहे तसाच छापायचा. मास्तरांनी शब्द दिला आहे.

आमचं संशोधन केंद्र जळगाव जामोदच्या बाहेर, सातपुड्याच्या अंगाला. तिथल्या कॉम्प्युटरच्या खोलीची लाइन, एसी, बॅटऱ्या आणि जनरेटर माझ्याकडे. कॉम्प्युटर म्हटलं की लोकांना टीव्हीसारखा पडदा आठवतो. आमच्या खोलीत पडदा एकच. बाकी लोखंडी कपाटं, आणि त्यांत चपट्या मशिनी, भाकरींची चवड लावावी तशा एकावर एक. त्यांना गणितं द्यायची. पाऊस कुठं किती पडेल, कपाशीवर बोंडअळी कधी येईल, तूर कधी फुलावर येईल. माणसाला जन्म पुरणार नाही असलं गणित मशीन आठ-दहा दिवस करत बसते. करताना तापते. फार तापली की आपोआप बंद होते, आणि बंद झाली की आठ दिवसांचं गणित पाण्यात.

म्हणून एसी. लाइन गेली की बॅटऱ्या, त्या तासभर धरतात. त्या तासात जनरेटर सुरू झालाच पाहिजे. हे एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. वैशाखात आमच्याकडे पत्र्यावर हात ठेवता येत नाही, तेव्हा एसीच्या बाहेरच्या पेटीवर सावली धरून, ओली पोती टाकत मी दिवस दिवस बसलेलो आहे. एक पीएचडीवाले होते. त्यांचं गणित अकरा दिवस चाललं, अकरा दिवस मी पोती भिजवली. बाराव्या दिवशी येऊन म्हणाले, "काका, थोडी गडबड झाली. तालुका चुकीचा टाकला होता."

"बरं झालं," मी म्हटलं, "पाऊस तर बराबर टाकला ना?"

त्यांनी खाली पाहिलं. तोही चुकला होता.

सगळ्या मशिनींत जुनी ती थोरली. केंद्र सुरू झालं तेव्हा मोठ्या साहेबांनी आणलेली. नाव मी ठेवलं. तिचा आवाज बाकीच्यांपेक्षा जाड, डोळे मिटून ओळखू यायचा. निवृत्त व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात मोठे साहेब मला खोलीत घेऊन गेले आणि म्हणाले, "तुळशीराम, सगळ्या वर्षांचा पाऊस हिच्यात आहे. मी सांगेपर्यंत हिला बंद पडू द्यायचं नाही."

"नाई पडनार साहेब."

"कोणी सांगितलं तरी."

"कोनी सांगतलं तरी."

पुढच्या वर्षी साहेब निवृत्त होऊन त्यांच्या गावी दुसरबीडला गेले. माझ्यासाठी त्यांचा शब्द तिथंच राहिला, खोलीत.

आता एक घरची गोष्ट मध्येच सांगावी लागते. साहेब निवृत्त झाले त्याच वर्षी वैशाखात माझ्या धाकट्या भावाच्या, किसनाच्या मुलीचं लग्न होतं. वंदनाचं. किसना वडनेर भोलजीला राहतो. आमचे वडील नाहीत, घरात थोरला मी. म्हणजे व्याहीभेट माझी. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, मंडपात दोन्हीकडचे कर्ते पुरुष समोरासमोर उभे राहतात, एकमेकांना टोपी घालतात, शेला देतात आणि गळाभेट घेतात. पहिली भेट थोरल्याची. ती झाल्याशिवाय बाकीच्यांनी हात पुढे करायचा नाही.

वाजंत्री वाजत होती. मी नवं धोतर नेसून उभा. टोपी आणि शेला किसनाच्या हातात. तेवढ्यात केंद्राच्या चौकीदाराचा फोन आला. लाइन गेली आणि जनरेटर उचलत नाही.

मी माझ्या जावयाची मोटारसायकल घेतली आणि निघालो. नांदुऱ्यापर्यंत धोतर उडत होतं, मग ते मी कमरेला खोचलं. पोचलो तर बॅटऱ्या शेवटच्या दिव्यावर. डिझेलच्या नळीत हवा धरली होती. ती काढली, हँडल मारलं, जनरेटर सुरू झाला. थोरली एक क्षण बंद पडली नाही. मी तिच्याजवळ उभा राहून आवाज ऐकला, आणि खरं सांगतो, छाती भरून आली.

तिकडे मुलाकडचे थोरले टोपी घेऊन उभेच होते. "थोरले कुठं हायेत?" त्यांनी दोनदा विचारलं म्हणे. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्याला माझ्या जागी उभं केलं.

मी संध्याकाळी परत गेलो तेव्हा मांडवातल्या सतरंज्या गुंडाळणं चाललं होतं. किसनानं माझ्याकडे पाहिलं नाही. सतरंजी गुंडाळता गुंडाळताच म्हणाला, "पोरगी मोठी का मशीन, भाऊ?"

"किसना, तुले समजत नाई. त्या मशीनमंदी आपल्या साऱ्या जिल्ह्याचा पाऊस हाये."

"असं का? मंग पाड म्हना तिले."

त्यानंतर किसना माझ्याशी कामापुरतं बोलतो. बी-बियाणं, दवाखाना, मयत. दुसरं काही नाही. मीही वाकलो नाही. आपलं काही चुकलं नाही, हे मला पक्कं माहीत होतं. साहेबांचा शब्द होता.

अशी सहा वर्षं गेली. मग केंद्रात शिल्पा मॅडम आल्या, अकोल्याकडच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. एक दिवस त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं की आपली टीम एका प्रमाणपत्रासाठी अर्ज करणार आहे. कॉम्प्युटरवर संशोधन करणारे लोक वीज किती जाळतात, मशिनींचं काय करतात, पर्यावरण सांभाळतात की नाही, ते पाहून प्रमाणपत्र देतात. तीन पायऱ्या असतात. प्रश्न इंग्रजीत होते. त्या वाचायच्या आणि मला मराठीत सांगायच्या.

"काका, मशीन बिघडलं तर आपण फेकतो की दुरुस्त करतो?"

"लिहा, अथी नटसुद्धा फेकला जात नाई."

"मोठं गणित लावायच्या आधी लहान तुकडा चालवून पाहतो का?"

मला पीएचडीवाले आठवले. "आधी नाई पाहत. पाहाले पायजे. हा प्रश्न चांगला हाये."

"एसी कितीवर असतो?"

"अठरा."

"पंचवीस ठेवला तरी चालतं काका. मशीन बनवणारेच सांगतात."

"बनवनारे जळगाव जामोदले राहतात का?"

त्या हसल्या, पण लिहिलं पंचवीस. मग पुढचा प्रश्न. "काम नसताना मशीन बंद करता का?"

हा प्रश्न मी दोनदा विचारायला लावला. काम नसताना म्हणजे काय? आमच्या खोलीत काम नाही असं कधी असतं का? मी तसं म्हणालो. मॅडमनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला, जसं काही मला त्यातलं वाचता येणार होतं.

"काका, कोणत्या मशीनवर कोणी कधी काम पाठवलं, ते सगळं यात दिसतं. थोरलीवर सहा-सात वर्षांत एकदाही नाही."

"मंग तिचा दिवा काऊन लुकलुकते?"

"चालू आहे म्हणून लुकलुकतो."

"तेच म्हनतो मी. चालू हाये."

"चालू आहे काका, पण काही करत नाहीये."

मी उठलो. म्हटलं, "मॅडम, तुमी काल आल्या. ती काय करते ते साहेबांले माहीत. ते सांगतील तवा बंद होईल. तोवर तिले हात लावायचा नाई, तुमीबी अन् मीबी." मॅडमनी लॅपटॉप परत आपल्याकडे वळवला. त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तर मला खोलीबाहेर काढून बटण दाबलं असतं. त्यांनी अर्जातली ती जागा कोरी ठेवली आणि मला म्हणाल्या, "विचारून या मग."

फोनवर विचारायची ही गोष्ट नव्हती. मी पहाटेच्या गाडीनं निघालो. नांदुरा, खामगाव, मेहकर करत दुसरबीडला पोचेपर्यंत दुपार टळली. साहेब शेडनेटमध्ये होते, मिरचीच्या बियाण्याचे प्लॉट केलेले. डोक्याला रुमाल, हात मातीत. मला पाहून आनंदले, खाट टाकली, त्यांच्या बाईंनी चहा दिला. केंद्राची, माणसांची चौकशी झाली. मग मी म्हणालो, "साहेब, थोरलीले बंद करा म्हनतात. तुमी सांगा काय करू."

"कोणाला?"

"थोरलीले. तुमची मशीन. पावसाची."

साहेबांना आठवायला वेळ लागला. ते मी पाहत होतो. मग ते मोठ्यानं हसले. "अरे, ती अजून चालू आहे?"

"तुमी सांगतलं व्हतं. मी सांगेपर्यंत."

"अरे तुळशीराम, तेव्हा आम्ही तिच्यातलं सगळं उतरवून पुण्याच्या मोठ्या कॉम्प्युटरवर पाठवत होतो. मध्येच बंद पडली असती तर परत पहिल्यापासून करावं लागलं असतं. म्हणून तुला तसं सांगितलं. पंधरा दिवसांचं काम होतं ते. झालं की मी..."

इथं साहेब थांबले. हसूही थांबलं. हातातली माती ते बराच वेळ चोळत राहिले.

"तुला सांगायचं राहिलं," ते म्हणाले.

मी चहा संपवला.

"इतक्या वर्षांत कोणाला विचारलं का नाहीस?"

"तुमी म्हनले, कोनी सांगतलं तरी. मंग इचारू कोनाले?"

साहेबांच्या बाई दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. साहेब म्हणाले, "आता मी सांगतो. बंद कर." निघताना त्यांनी माझा हात धरला. सोडायला बराच वेळ लावला. मला ते अवघड झालं. साहेबांसारख्या माणसानं आपल्यासमोर असं उभं राहावं हे काही बरं नाही.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो आणि बोटांवर मोजलं. साहेबांनी सांगितलं तो उन्हाळा. पंधरा दिवस. म्हणजे मृगाच्या आतच थोरली रिकामी झाली. वंदनाचं लग्न त्याच्या पुढच्या वैशाखात. पुन्हा मोजलं. मेहकरपासून खामगावपर्यंत मी तेच मोजत होतो. कसंही मोजलं तरी वैशाख नंतरच यायचा.

मॅडमना एवढंच सांगितलं, "साहेब म्हनले, बंद करा." त्यांनी आणखी काही विचारलं नाही, अर्जातली कोरी जागा भरली. बटण मीच दाबलं. आवाज हळूहळू खाली आला आणि बाकीच्या मशिनी बारीक आवाजात काम करत राहिल्या. दोन दिवस मला खोलीत उभं राहवत नव्हतं, काहीतरी बिघडलं आहे असं वाटून हात पान्याकडे जायचा.

आता तपासणीचं ऐका. अर्ज गेला, आणि महिन्याभरानं अर्ज तपासायला एक बाई येणार असं कळलं. तपासणी हा शब्द कानावर पडला की आमचे वानखडे बाबू अंगात आल्यासारखं करतात. गेटच्या दगडांना गेरू-चुना लावला. रोपवाटिकेतून कुंड्या मागवून रांगेनं मांडल्या. स्वागताचा फ्लेक्स लावला. प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ आणला, पाण्याच्या बाटल्यांचं खोकं आणलं. मॅडम डोक्याला हात लावून म्हणत होत्या, "बाबू, ही पर्यावरणाची तपासणी आहे." बाबू म्हणाले, "म्हनूनच त कुंड्या आनल्या मॅडम."

माझी तपासणीची रीत वेगळी. फार पूर्वी एका साहेबानं शेऱ्यात लिहून ठेवलं होतं, 'एक यंत्र बंद अवस्थेत आढळले.' ते यंत्र मी साफ करायला दहा मिनिटं थांबवलेलं होतं. तो शेरा अजून फाइलीत आहे. त्या दिवसापासून माझी शपथ, तपासणीच्या दिवशी खोलीत सगळं चालू पाहिजे. म्हणून त्या सकाळी मी आधी येऊन सगळ्या मशिनी सुरू केल्या, ज्यांना काम नव्हतं त्याही. एसी अठरावर आणला. आणि थोरलीचंही बटण दाबलं. माझ्या खोलीत कोणी पाहुणा येतो आणि थोरली मेल्यासारखी उभी, हे मला जमेना. मॅडम गेटवर होत्या. बाईंना आणायला जीप नांदुऱ्याला स्टेशनवर गेली होती, आणि बाई एसटीनं येऊन पायी चालत गेटवर उभ्या, खांद्याला पिशवी, पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली.

बाई खोलीत आल्या आणि दंडावर हात चोळू लागल्या. "इतकं थंड का हो काका?"

"तुमच्यासाठी."

मॅडमनी डोळे मिटले. बाईंनी अर्ज पाहिला, कपाटं पाहिली, परत अर्ज पाहिला. "हे मशीन तर तुम्ही बंद केलंय असं लिहिलंय."

"केलं व्हतं. आज सुरू केलं."

"का?"

"तपासनी हाये म्हनून."

वानखडे बाबू मागे खोकले. बाई हसल्या नाहीत. "बरं. यावर काय काम चालतं?"

मॅडम माझ्याकडे पाहत होत्या, बाबू पाहत होते. काहीतरी सांगता आलं असतं. पावसाचं सांगता आलं असतं, इतकी वर्षं तेच सांगत आलो होतो. पण तोंडून निघालं, "काई नाई. सात वर्षं होत आली, काई नाई."

"मग इतकी वर्षं चालू का ठेवलं?"

"बंद कर म्हनून कोनी सांगतलं नाई."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी विचारलं, हे तुम्हाला कधी कळलं, कसं कळलं. मी दुसरबीडचं सगळं सांगितलं. मॅडमनाही ते पहिल्यांदाच कळत होतं. मग बाई म्हणाल्या, "माझ्यासमोर बंद करून दाखवाल?" मी थोरली बंद केली, मग बाकीच्या रिकाम्या मशिनी, मग एसी पंचवीसवर. भिंतीवरच्या मीटरचा काटा पायरी पायरीनं खाली येत गेला. इतकी वीज मी कशावर घालवत होतो ते मी पहिल्यांदा डोळ्यानं पाहिलं. बाई बराच वेळ लिहीत होत्या. बाबूंनी गुच्छ पाठीमागे लपवला होता, तो तसाच राहिला.

आम्हाला प्रमाणपत्र मिळालं. सगळ्यात खालची पायरी, पण मिळालं. मॅडमनी सांगितलं की वरची पायरी अठराच्या एसीनं आणि बाबूंच्या फ्लेक्स-बाटल्यांनी गेली, आणि खालची थोरलीमुळे मिळाली. बाईंनी लिहिलं होतं म्हणे, की बहुतेक ठिकाणी अशी मशीन असते आणि कोणी कबूल करत नाही. मॅडमनी माझ्या निरोपाला त्या कागदाची एक प्रत काचेत घालून दिली. थोरलीच्या आतलं सामान ई-कचऱ्याची गाडी घेऊन गेली. लोखंडी कपाट आता बियाण्याच्या खोलीत आहे. उंदीर शिरत नाही म्हणतात. ते कपाट मजबूतच होतं.

मला यातलं पुष्कळ अजून कळत नाही. चुकलो तर शिक्षा पाहिजे होती, तिथं टाळ्या झाल्या. बरोबर होतो म्हणावं, तर मीटरचा काटा डोळ्यांपुढून जात नाही. मॅडम म्हणतात, "काका, चूक साहेबांची." साहेब म्हणतात, त्यांची. मला तसं वाटत नाही. माझा स्वभाव मला माहीत आहे. साहेबांनी नंतर सांगितलं असतं तरी मी दोनदा विचारलं असतं.

आता तो शेवटचा भाग, मास्तरांनी शब्द दिलेला. किसना दहावी शिकलेला आहे आणि हा अंक तो दरवर्षी पहिल्या पानापासून जाहिरातींसकट वाचतो, हे मला माहीत आहे. तोंडावर सांगायला गेलो तर आम्ही दोघं बियाण्यावर बोलून उठू. म्हणून अथी लिहितो.

किसना, वंदनाच्या लग्नाच्या दिवशी त्या मशीनमंदी पाऊस नव्हता. काईच नव्हतं. मले तवा माहीत नव्हतं, पन नव्हतं. ती बंद पडू देली नाई हे मातर खरं हाये, ते मी कोनापुढंच खोटं म्हननार नाई, तुह्यापुढंबी नाई. भाऊबीजेले वंदना येऊन राह्यली अन् तिचे सासरचे थोरले तिले आनून सोडनार, असं कानावर आलं. टोपी अन् शेला म्या नांदुऱ्याहून आनून ठेवला हाये. त्याईले सांगून ठेव, घाई करू नका म्हना. थोरला येऊन राह्यला.